साडेपाचची भजी

बँकेच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही आणि बंदही होत नाही. त्यामुळे १९८७ ते १९९० अशी तीन वर्षं, सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत, माझा दिवस अण्णांबरोबर सुरू व्हायचा आणि अण्णांबरोबरच संपायचा. अण्णा म्हणजे आमचे हेड कॅशिअर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. नोटा मोजताना त्यांची बोटं अशी चालायची की बघत राहावं. तीन वर्षांत त्यांची कॅश एकदाही चुकली नाही. पण शाखेत अण्णांची ख्याती त्या बोटांमुळे नव्हती. ती होती त्यांच्या पोटामुळे.

अण्णांचं वजन तेव्हा शंभर किलोच्या आसपास असावं. संध्याकाळी कॅश जुळली, स्ट्राँग रूम बंद झाली की साडेपाचच्या सुमारास ते समोरच्या हॉटेलात जात. कांदाभजीच्या दोन प्लेट, त्यानंतर भडंग आणि शेवटी दोन कप गोड चहा. आम्ही बाकीचे शाखेच्या दारातून बघत असू. "अण्णांचं सेकंड क्लोजिंग सुरू झालं," असं कुणीतरी म्हणायचं आणि आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

मी तेव्हा अगदी सडपातळ होतो. वजन अठ्ठावन्न किलो. गंमत अशी की, खाण्याच्या बाबतीत मी अण्णांच्या फारसा मागे नव्हतो. कुणाच्या मुलाची मुंज झाली, बढतीचे पेढे आले, की माझा हात पुन्हा पुन्हा बॉक्सकडे जायचा. पण मला कुणी कधी टोकलं नाही. उलट, "साहेब खाण्याचे शौकीन आहेत हं!" असं कौतुकानं म्हणायचे. तीच जिलबी बारीक माणसाच्या हातात असली की ती रसिकता आणि जाड माणसाच्या हातात गेली की तिचं नाव हाव! हा हिशेब तेव्हा मला खटकला नाही. मी तर पुढे जाऊन माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक खादाड कॅशिअर रंगवला. वाचकांना तो फार आवडला. त्या भजीच्या प्रसंगाची कितीतरी पत्रं आली.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे तीन वर्षांपूर्वी निघालेली माझी रक्तातली साखर.

निवृत्तीनंतर वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची, एवढी शिस्त मी पाळतो. त्या वर्षी डॉक्टरांनी कागद बघितले आणि टेप घेऊन माझी कंबर मोजली. त्र्याण्णव सेंटिमीटर. "वजन सहासष्ट म्हणजे काही जास्त नाही," मी म्हणालो. डॉक्टर हसले. भारतीय पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर गेली आणि बाईची ऐंशीच्या वर, की सावध व्हायचं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा प्रसिद्ध किस्सा ऐकवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीचा साठा. आपल्याकडच्या कितीतरी जणांची ठेवण अशी असते. म्हणजे अण्णांना हसणारा मी आतून त्याच रांगेत उभा होतो, फक्त दिसत नव्हतो.

डॉक्टरांनी सांगितलं, पाच-सहा किलो कमी करा, सावकाश. 'सावकाश' हा शब्द मी ऐकलाच नाही. आयुष्यभर टार्गेटवर काम केलेला माणूस! सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री नुसतं सूप, असा बेत मी त्याच दिवशी सुरू केला. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरले. मी घरात विजयी मुद्रेनं फिरू लागलो.

तिसऱ्या आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. रात्री झोप येईना म्हणून मोबाइल हातात घेतला की मी पाककृतींचे व्हिडिओ बघत बसायचो. ज्या माणसाला आयुष्यात कुकर लावता आला नाही, तो खांडवीची कृती दोन-दोनदा बघतोय! पुरवणीतल्या पाककृतींची कात्रणं मी कापून ठेवू लागलो. लिहायला बसलो की पात्रं सारखी जेवायला बसायची. आणि एका रात्री दोन वाजता, स्वयंपाकघरात अंधारात उभा राहून, मी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा निम्मा संपवला. पाचवा की सहावा लाडू तोंडात असताना दिवा लागला. दारात बायको उभी होती. ती एवढंच म्हणाली, "भूक लागली असेल तर पान वाढते. चोरून कशाला खायचं?"

त्या क्षणी मला कोण आठवलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अण्णांचा जेवणाचा डबा! रोज दुपारी ते माझ्या शेजारी बसून डबा उघडत. त्यात काय असायचं? काकडीची कोशिंबीर, एखादी फोड पपईची, कधी एक सुकी पोळी. "डॉक्टरांनी सांगितलंय," असं ते ओशाळून म्हणायचे. सकाळी ते काही न खाताच येत. तीन वर्षं हे मी रोज डोळ्यांनी बघितलं होतं. पण दुपारची काकडी आणि साडेपाचची भजी ही एकाच खात्यातली जमा आणि नावे आहे, हे हिशेबात मुरलेल्या माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग मी वाचू लागलो. वाचता वाचता एका जुन्या प्रयोगाशी येऊन थांबलो. १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या पर्वात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्ध संपल्यावर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खातं-पितं कसं करायचं, हे त्याला शोधायचं होतं. हे तरुण धडधाकट होते, स्वखुशीनं आलेले होते, आणि तत्त्वासाठी हातात बंदूक धरायला नकार दिलेले होते. म्हणजे मनोनिग्रहाचा प्रश्नच नव्हता! १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना दिवसातून दोनदा, बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं मोजकं अन्न मिळत होतं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. आजच्या कितीतरी डाएटच्या तक्त्यांत याहूनही कमी आकडा असतो.

त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. पण खरी गोष्ट वजनाची नव्हती. या तरुणांच्या मनात अन्नाशिवाय दुसरं काही उरेना. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. रात्रभर पाककृती वाचत बसू लागले. ताटल्या चाटू लागले. इवल्याशा घासाशी तासभर खेळत बसू लागले. च्युइंगमची पाकिटंच्या पाकिटं संपवू लागले. काहींनी प्रयोगाचा नियम मोडून चोरून खाल्लं आणि मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. उपासमार संपल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी खातच राहिले. भूक भागली असं त्यांना पुढे कित्येक आठवडे वाटेना.

माझ्या तीन आठवड्यांच्या हौशी उपासाची तुलना मी त्यांच्याशी करणार नाही. पण ती कात्रणं, ते व्हिडिओ आणि तो अंधारातला डबा... वाचताना अंगावर काटा आला, हे खरं.

आपल्या पूर्वजांना हे माहीत नव्हतं असं नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही शास्त्रज्ञांनी केलेली नाही. आपण ती कुचेष्टेनं वापरतो. पण नीट बघितलं तर त्यात शरीराचा नियमच सांगितला आहे. दिवसभर नाही म्हटलं की संध्याकाळी दुपटीनं हो म्हणावं लागतं.

हा नियम चालतो कसा, हे गेल्या तीस वर्षांत बरंच उलगडलं आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं की साठा किती आहे. आमच्या भाषेत बोलायचं तर चरबी ही मुदत ठेव आणि लेप्टिन हे पासबुक. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधलं. ते मुख्यतः जठरातून येतं आणि भूक चेतवतं. ठेव झपाट्यानं मोडली जाऊ लागली की पासबुकातला आकडा घसरतो, मेंदू घाबरतो आणि वसुलीला माणसं पाठवतो. ही वसुली किती दिवस चालते? २०११ साली मेलबर्नमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त वजनाच्या पन्नास जणांना त्यांनी दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं होतं. वजन उतरलं. पण त्यानंतर वर्ष उलटलं तरी बऱ्याच जणांची भुकेची संप्रेरकं चढलेली होती, तृप्तीची उतरलेली होती, आणि भूक पहिल्यापेक्षा जास्त लागत होती. बाहेरून बघणारा म्हणणार, "बघा, जिभेवर ताबा नाही!"

इथे एक गल्लत मात्र टाळली पाहिजे. भूक वेगळी आणि एखाद्याच पदार्थाची ओढ वेगळी. मराठीनं हे भेद किती बारकाईनं केले आहेत! भूक पोटाला लागते, तल्लफ चहाची येते, चटक लागते ती मिसळीची. वखवख म्हटलं की तीत तिरस्कार येतो. आणि डोहाळे म्हटलं की तीच ओढ एकदम पूजनीय होते. गर्भवतीला दोन हृदयं असतात, म्हणून तिची इच्छा मोडू नये, असं सुश्रुतानं सांगून ठेवलं आहे. म्हणून आपण तिला फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसवून हवं ते खाऊ घालतो. तिच्या पोटात वाढणाऱ्या जिवाची मागणी आपल्याला मान्य असते. कॅशिअरच्या उपाशी शरीराची मागणी मान्य नसते.

भुकेला अन्न हाच उपाय. पण ओढ पुष्कळशी सवयीची असते. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, तळणीचा वास... पावलोव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची, तशी आम्हाला स्ट्राँग रूमचं दार बंद झाल्याच्या आवाजानं सुटत असावी. अमेरिकेत वजनासंबंधी दोन वर्षं चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाची आकडेवारी २०१७ मध्ये तपासली गेली. त्यात असं दिसलं की एखादा आवडता पदार्थ थोडा थोडा पण रोज खाल्ल्यानं त्याची ओढ कमी होत नाही. तो किती वेळा खातो ते कमी केलं तर होते. म्हणजे रोज अर्धी प्लेट भजी खाण्यापेक्षा रविवारी एक प्लेट मनसोक्त खावी आणि एरवी त्या हॉटेलावरून जाऊ नये, हे बरं!

ओढ वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आपल्या घरात बसलेल्या आहेत. एक म्हणजे अपुरी झोप. सहामाही क्लोजिंगच्या रात्री बारा वाजता शाखेत वडे का लागायचे, ते मला आता कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे कारखान्यातून पाकिटात येणारं खाणं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे असं तयार खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. पुढ्यात ठेवलेल्या अन्नातली साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे. हवं तेवढं खा, अशी मुभा. तयार खाण्याच्या पंधरवड्यात माणसं दिवसाला जवळपास पाचशे कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन सुमारे एक किलोनं वाढलं. ती माणसं तीच होती, त्यांचा स्वभावही तोच होता. बदललं होतं फक्त ताट.

आणि आता तर औषधंही आली आहेत. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची ही इंजेक्शनं २०२५ मध्ये वजनासाठी भारतातही आली. ती घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण सांगतात की डोक्यात सतत चाललेला अन्नाचा कलकलाट एकदम थांबला. पुढ्यात बर्फी आहे आणि तिच्याकडे लक्षच जात नाही. हे औषध मी घेतलेलं नाही आणि कुणी ते आपल्या मनानं घेऊ नये. त्यानं मळमळ, उलट्या असे त्रास होतात, आणि थांबवलं की वजनाचा मोठा हिस्सा परत येतो, असं २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. पण मला त्यातून दुसरीच गोष्ट दिसते. एका सुईनं जर हाव जात असेल, तर ती माणसाच्या चारित्र्यात होती असं कसं म्हणणार? ज्याच्या डोक्यात तो कलकलाट मुळात कमी आहे, त्यानं आपल्या संयमाची शेखी का मिरवावी?

याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करावं, असा नाही. साखर खरी आहे, गुडघे खरे आहेत. लाडवांच्या त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी मला पुन्हा बसवलं आणि सांगितलं, "आधी नीट जेवा." सकाळी न चुकता न्याहारी, दुपारी पोटभर भाजी-भाकरी आणि वाटीभर उसळ किंवा वरण, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्रीचं जेवण लवकर, आणि रोज पाऊण तास चालणं. २०१८ च्या सुमारास आपल्याकडे घरोघरी वाद रंगले होते. डॉ. दीक्षितांचं ऐकून दोनदाच जेवायचं, की ऋजुता दिवेकरांचं ऐकून थोड्या थोड्या वेळानं खायचं? त्या वादात मी पडत नाही. ज्या पद्धतीत आपल्याला रात्री दोन वाजता डबा शोधावा लागत नाही, ती आपली पद्धत, इतकंच मला कळलं. माझे साडेचार किलो उतरायला चौदा महिने लागले. अजून तरी ते परत आलेले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी मिरजेला अण्णांकडे गेलो. वय सत्त्याहत्तर. मुलाकडे असतात. अंगानं थोडे उतरलेत, काठी घेऊन चालतात, पण बोटं तशीच आहेत. बोलता बोलता पेपराची घडी ते नोटांच्या बंडलासारखी करत होते. जुन्या गप्पा झाल्या. मग धीर करून मी कादंबरीचा विषय काढला.

"वाचली की," अण्णा म्हणाले. "हिनंच आणली होती प्रदर्शनातून. आमच्या साहेबांचं पुस्तक म्हणून, कौतुकानं. आधी तिनं वाचली. मी भजी खातो हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती बिचारी पहाटे उठून काकडी चिरायची ना! आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

मला काय बोलावं ते सुचेना. वहिनींना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांची क्षमा मागायचीही सोय उरलेली नाही.

अण्णाच मग हसून म्हणाले, "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ साहेब. भजीचं अगदी बरोबर लिहिलंय. कांदा कडेनं जळलेला असायचा, तेसुद्धा. फक्त तो माणूस सकाळपासून उपाशी होता, तेवढं लिहायचं राहिलं."

सूनबाईंनी पोहे आणले. आम्ही दोघांनी एकेक बशी खाल्ली. त्यांनी आणखी वाढायला झारा पुढे केला, तेव्हा अण्णा म्हणाले, "नको, पोट भरलं."

छापलेल्या पुस्तकात आता फेरफार करता येत नाही. पण बँकेत एक पद्धत आहे. चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्यासमोर उलटी नोंद घालायची आणि खाली सही करायची. अण्णांच्या खात्यावर मी घातलेली चुकीची नोंद गेली कित्येक वर्षं तशीच उभी होती. आज इथे, तुमच्या साक्षीनं, तिची उलटी नोंद घालतो आहे.